अण्णांच्या राजधानीतलं वळण

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकच गाव वसवलं, आणि त्या गावाच्या मोठ्या रस्त्याला जे एक वळण आहे ते माझ्या हातचं आहे. तहसील कचेरीपासून रस्ता अगदी नाकासमोर येतो, दोन्ही बाजूंना कडुलिंब, आणि कोर्टाच्या अलीकडं काही कारण नसताना डावीकडं कलतो, शंभर पावलं तसाच जातो आणि पुन्हा सरळ होतो. तिथं टेकडी नाही, आडवा नाला नाही, देऊळ नाही. नव्या ड्रायव्हरची तिथं हमखास फजिती होते. परवाच एक रिक्षावाला मला म्हणाला, मॅडम, ज्यानं हा नकाशा काढला तो पिऊन बसला असेल बघा. अण्णा साधी सुपारी खात नव्हते. पण त्या रिक्षावाल्याला काय सांगणार आणि कुठून सुरुवात करणार? अण्णा गेले, मामा गेला, गेल्या वर्षी मायही गेली. लिहिलेलं कुणाच्या मनाला लागलंच तर आता माझ्या एकटीच्या लागेल, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही तेव्हा जालन्यात राहायचो, भंवरीकाकींच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. काकींचे सासरे राजस्थानातून आलेले, पण काकींचा जन्म इथलाच, त्यामुळे त्यांची मारवाडी, मराठी आणि उर्दू एकाच वाक्यात सुखानं नांदायची. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला की माय तवा ठेवायची. भाकरी थापल्याचा आवाज, अंगणात काकींचे पापड लाटायला आलेल्या बायांचा कलकलाट, आणि आतल्या खोलीत अण्णांच्या रेघेच्या पेनाचा बारीक करकर आवाज, एवढ्यात माझं बालपण गेलं. अण्णा नकाशे काढायच्या कचेरीत आरेखक होते. कचेरीत उजेड कमी म्हणून महत्त्वाचं काम ते घरी आणायचे. खिडकीशी मोठा फळा तिरपा लावलेला, त्यावर ट्रेसिंगचा दुधी कागद, शेजारी काळ्या शाईची बाटली. त्या फळ्याजवळ जेवणाचं ताट न्यायला बंदी होती. एकदा माझ्या धाकट्या बहिणीनं तिथं मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला, आणि हळदीचा एक मुरमुरा कागदावर पडला, तर अण्णा दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. आम्हाला मारलं नाही कधी. पण त्यांचं न बोलणं मारापेक्षा वाईट असायचं.

दुधी कागदावर शाईची रेघ चुकली तर रबरानं जात नाही. दाढीच्या ब्लेडनं ती हळूहळू खरवडावी लागते, आणि मग अंगठ्याच्या नखानं तो भाग घासून गुळगुळीत करावा लागतो, नाहीतर नवी शाई तिथं फुटते. कितीही सफाईनं केलं तरी कागद उजेडासमोर धरला की ती जागा दिसतेच. अण्णांच्या नकाशाला ब्लेड लागलेलं नसायचं. त्यांना त्याचा फार तोरा होता. साहेब लोक त्यांचा कागद खिडकीसमोर धरून एकमेकांना दाखवत, असं ते मायला दर दोन महिन्यांनी सांगायचे, आणि माय दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायची.

तरुणपणी कचेरीनं त्यांना प्रशिक्षणाला चंदीगडला पाठवलं होतं. ते शहर रिकाम्या माळावर, आधी कागदावर आखून मग उभं केलेलं. त्या शहरानं अण्णांना कायमचं झपाटलं. चौकोनी वस्त्या, प्रत्येक वस्तीला आपली शाळा, आपला दवाखाना, आपला बाजार. रस्त्यांचे सात प्रकार, पायी चालणाऱ्यासाठी वेगळा. राजधानी अशी असावी, ते म्हणायचे. आमचं जालना म्हणजे त्यांच्या मते पडेल तिथं पडलेलं गाव, कुणाची भिंत कुणाच्या मोरीत. जेवताना ते ताटात भाकरीचे तुकडे मांडून आम्हाला सेक्टर समजावून सांगायचे, मधल्या वाटीत येसराची आमटी म्हणजे तळं. तिथल्या मास्तरांनी सांगितलेलं एक वाक्य ते स्वतःचं असल्यासारखं वापरायचे की रेघेला सोयरेधायरे नसतात.

पण त्या राजधानीची एक दुसरी बाजू आमच्या घरात होती. अण्णा तिकडं असतानाच मायचं पहिलं लेकरू गेलं होतं. माझ्या आधीचा मुलगा, माधव. पहिलं बाळंतपण म्हणून माय माहेरी, घनसावंगीच्या अंगाला असलेल्या तिच्या गावी होती. तीन महिन्यांचं पोर दोन दिवसांच्या तापात गेलं. तार पोचून अण्णा येईस्तोवर सगळं उरकलं होतं. त्यांच्या पिशवीत तिकडून आणलेला लाकडी खुळखुळा होता, लाल आणि हिरवा. तो मायच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली असायचा, आणि आम्हा बहिणींना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आमच्याकडं दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात. आईला जागा सांगायची नसते, का तर ती तिथं जाऊन बसेल, तिचा पान्हा आटणार नाही, पुढचं लेकरू धरणार नाही. माधवाला मामानं नेलं होतं, मायच्या थोरल्या भावानं. मायनं त्याला विचारून विचारून बेजार केल्यावर तो म्हणाला होता, गंगेच्या काठाला ठेवलं. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ती तिथून दहा कोसांवर. काठाला कुठं, तर ते सांगायचं नसतं. पुढं मायनं हेच अण्णांच्या मागं लावलं. एकदा मला काठावर घेऊन चला, दादाला विचारून जागा दाखवा. अण्णांनी मामाला विचारलंही, त्यांना तेच उत्तर मिळालं. गोदावरीच्या पुलावरून एसटी जायची तेव्हा माय दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून काठ बघायची, एकदा या बाजूनं, एकदा त्या. इतका लांब काठ, बाई बघणार तरी किती.

मी सतरा वर्षांची होते तेव्हा मामाच्या गावाला तालुक्याचा मान मिळाला. जुन्या गावाशेजारी माळावर तालुक्याचं नवं ठिकाण वसवायचं ठरलं. कचेरी, कोर्ट, दवाखाना, शाळा, बाजार, नोकरदारांची घरं, अगदी मसणवट्यापर्यंत सगळं आखून. आणि आखणीचं काम आलं अण्णांकडं. त्या दिवशी त्यांनी येताना अर्धा किलो जिलबी आणली, भंवरीकाकींना स्वतः नेऊन दिली आणि म्हणाले, काकीजी, राजधानी काढायला दिली मला. काकी म्हणाल्या, अरे वा, मंग आमच्यासाठी एक दुकान बराबर चौकात ठेवा. तेव्हापासून घरात त्या कागदाला राजधानीच म्हणायचे.

चार महिने ते काम चाललं. माझं अक्षर बरं म्हणून नावं लिहायला अण्णा मला बसवायचे. मी अकरावीला होते, हात स्थिर होता, आणि त्यांच्या चाळिशीचा नंबर तेव्हा वाढत चालला होता, हे त्यांनी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं पुढं बारीक रेघाही मीच ओढू लागले. तहसीलपासून जुन्या वेशीपर्यंत ऐंशी फुटांचा मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना चौकोन. मला ते गाव दिसायला लागलं होतं, झाडांसकट. खरं सांगायचं तर ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे महिने होते. अण्णा माझ्याशी बरोबरीच्या माणसासारखं बोलायचे, आणि सुट्टीच्या दिवशी जिनिंगच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं त्या पांढऱ्या माळावर असायचो.

तो मोठा रस्ता मामाच्या मोसंबीच्या बागेतून जात होता आणि बागेतली विहीर त्याच्या बरोबर मधोमध येत होती. अण्णांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी घरात सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. पण मोजणीवाल्यांकडून मामाला कळलं आणि एक दिवस तो मोसंबीचं पोतं घेऊन आमच्या दारात हजर झाला. किसनमामा उंचापुरा, आवाज मोठा, पण त्या दिवशी अगदी हळू बोलत होता. अण्णांशी त्यानं त्या विषयाचं अक्षर काढलं नाही. पाव्हण्याशी असलं बोलणं त्याला जमायचं नाही. तो मायजवळ चुलीपाशी बसला आणि आपल्या बापाच्या विहिरीच्या गोष्टी काढल्या. ती विहीर माझ्या आजोबांनी तीन उन्हाळे खपून खोदली होती. माय तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मुरमाची पाटी डोक्यावर घेऊन वर चढायची, तिच्या टाळूवर त्याचं टक्कल पडलं होतं ते मोठेपणीसुद्धा केसांखाली हाताला लागायचं. आई-बाप गेल्यावर मामानंच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. मामा दोन दिवस राहिला, धपाटे-दही खाऊन गेला, आणि जाताना मला म्हणाला, शोभा, तुझ्या बापाला सांग, माणूस झाड लावतो ते काय कागद बघून लावतो का.

त्यानंतर घरात आठ दिवस अबोला होता. माय वाढायची, अण्णा जेवायचे, भांड्यांचा तेवढा आवाज. अण्णांनी आपलं सोयऱ्याधायऱ्यांचं वाक्य एकदा म्हणून बघितलं, मायनं मान वर केली नाही. नवव्या दिवशी दुपारी ती हात पुसत आतल्या खोलीत आली, फळ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. माझ्यासमोर ती अण्णांशी असं कधी बोलली नव्हती.

"आवो, मी ह्या घरात आल्यापासून तुम्हाला काय मागितलं? एक मागितलं, माझ्या लेकराची जागा दाखवा म्हणले. ते तुम्हाला देता आलं न्हाई. ते तुमच्या हातात नव्हतं, मी धरून बसले न्हाई. पण हे तर तुमच्या हातात हाय."

एवढं बोलून ती परत चुलीकडं गेली. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर काकींचे पापड बघत बसले. मग त्यांनी जुना नकाशा उलगडला, गावाचे सर्वे नंबर दाखवणारा. रस्ता डावीकडं थोडा वळवला तर बाग वाचत होती. डावीकडं ओढ्याच्या अलीकडं एक पट्टा होता, त्यावर फक्त 'पोटखराब' लिहिलेलं. पोटखराब म्हणजे शेतात असून पिकत नाही अशी जमीन, तिच्यावर कुणाचा जीव नसतो. कुणाचं काही जात नाही, अण्णा म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कुणास ठाऊक. त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं, दोनदा कागदावर टेकवलं आणि दोन्ही वेळा उचललं. मग ते माझ्यापुढं धरून म्हणाले, "तू कर. तुझा हात बरा आहे." मी रेघ खरवडली. नखानं घासलं. वक्रपट्टी लावून नवी रेघ ओढली. मला त्याचा आनंद झाला होता, हे आज लिहायला लाज वाटते. शाई कुठं फुटली नाही, वळण देखणं आलं होतं, आणि त्या दिवशी मायनं भरल्या वांग्याचं कालवण केलं.

नकाशा मंजूर झाला. उन्हाळ्यात प्रत्यक्ष आखणीला अण्णा गेले तेव्हा सुट्टी होती म्हणून धाकटीला काकींकडं ठेवून माय आणि मीही मामाकडं गेलो. जमिनीवर साखळी टाकायची, खुंट्या ठोकायच्या, खुंटीवरून खुंटीवर चुन्याची फक्की सोडायची. ओढ्याजवळच्या पट्ट्यावर फक्की पडत असताना रंभाजीबाबा आला. गावातली लहान लेकरं गेली की खड्डा घेण्याचं काम त्याच्या घराकडं पिढीजात होतं. डोळ्यांत सारा पडून नजर गेलेली, हातात काठी. तो उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, सायेब, इथून नका नेऊ, इथं लेकरं हायेत. मी तिथंच छत्री धरून उभी होते. पट्ट्यावर बोराटीच्या वाळक्या फांद्या आणि मधूनमधून दगड होते, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून ठेवलेले. नकाशावर ते दिसणार कसं? असली जागा गावात सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी कुठं लिहीत नाही. अण्णांनी मामाकडं बघितलं. मामा म्हणाला, लई जुनी गोष्ट झाली ती, आता तिथं काय बी न्हाई, म्हाताऱ्याचं डोस्कं ठिकाणावर न्हाई. रेघ परत सरळ करायची तर ती वाकडी का केली हे वर सांगावं लागलं असतं. त्यांनी फक्की टाकणाऱ्याला हातानं खूण केली, चालू दे.

जेवताना अण्णांनी ते मायला सांगितलं. त्यांना ते पोटात ठेवता येत नव्हतं, हे मला त्यांच्या घास घेण्यावरून दिसत होतं. म्हणाले, रंभाजी म्हणतो तिथं लेकरं आहेत गावातली. माय भाकरी मोडत होती. तिनं विचारलं, विहीर तर वाचली ना? वाचली, अण्णा म्हणाले. "मंग असतील कुणाची," माय म्हणाली, आणि मामाच्या ताटात ठेचा वाढला. मामा खाली मान घालून जेवत होता. मीही जेवले. एवढीच गोष्ट झाली, एका भाकरीच्या वेळात.

रस्त्याचा नारळ त्यानंतर पाचव्या का सहाव्या दिवशी फुटायचा होता. मांडव घातलेला, पुढारी अकराला येणार म्हणून सगळे नऊपासून उभे. बुलडोझरला झेंडूचा हार. मामाच्या घरात पहाटेपासून पुरण शिजत होतं, साहेब लोकांचं जेवण मामाकडं होतं. मामानं फेटा बांधला होता. माय ओवाळायचं ताट घेऊन मांडवाच्या कडेला, मी तिच्या मागं. नकाशा काढणाऱ्याची बायको म्हणून सगळ्या बाया तिला पुढं करत होत्या आणि ती लाजत होती. लग्नानंतर माहेरच्या गावात तिचा असा मान पहिल्यांदाच होत होता.

रंभाजीबाबा काठी टेकत आला आणि फक्कीच्या दोन रेघांच्या मधून चालायला लागला. कुणी अडवलं नाही, म्हाताऱ्याला काय अडवायचं. त्याच्या काखेत बोराटीच्या फांद्या होत्या. थोडं चालायचा, काठीनं जमीन चाचपायचा, एक फांदी ठेवायचा आणि मोठ्यानं नाव घ्यायचा. जरा वेळानं मांडवातलं बोलणं आपोआप थांबलं. हे सोपानाचं थोरलं. हे कुंभाराच्या गंगूचं, जुळं व्हतं, दोन्ही एकात ठिवली. हे शेवंताचं. बायांच्या घोळक्यात गंगू उभी होती, तिनं पदर तोंडाशी नेला. बाबा आणखी पाच-सहा पावलं पुढं आला, आमच्यापासून अगदी जवळ, आणि काठी टेकवली.

"हे मंजुळाचं. किसनरावाच्या बहिणीचं. तीन महिन्याचं व्हतं. मामानं हातावर आणल्तं, मीच खड्डा घेतल्ता."

त्याला दिसत नव्हतं. मंजुळा त्याच्यापासून दहा पावलांवर उभी आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. मायच्या हातातलं ताट पडलं बिडलं नाही. तिनं ते माझ्याकडं दिलं, बराबर धर म्हणाली, आणि सरळ मामापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, गंगेच्या काठाला म्हणाल्ता तुम्ही."

मामाचा चेहरा फेट्याखाली राखेसारखा झाला होता. तो म्हणाला, "आईला सांगायचं नसतं, मंजे. घरापासून पाच मिंटावर. तू रोज जाऊन बसली असतीस."

"ते तवाचं झालं. रेघ हिकडं वळली तवा?"

सगळं गाव ऐकत होतं. मामाच्या तोंडून आलं, "विहीर गेली असती."

मामाला मी त्यानंतर पंधरा वर्षं नमस्कार केला नाही. आता या वयात वाटतं, पहिलं खोटं त्यानं मायेपोटी सांगितलं होतं, आणि त्याच खोट्यावर दुसरं बसवणं त्याला सोपं गेलं. पण हे आताचं शहाणपण. तेव्हा तो फेटा ओढून त्या फक्कीत टाकावा असं मला वाटलं होतं.

माय फक्कीची रेघ ओलांडून आत गेली. बाबानं ठेवलेल्या फांदीपाशी बसली. तिथं काही नव्हतं, मुरूम आणि वाळकं गवत. तिनं जमिनीवर तळहात ठेवला, भाकरीच्या पिठावर ठेवते तसा, आणि तसाच ठेवला. रडली नाही. तेवढ्यात अण्णा आले. मी त्यांना इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं. ते तिथल्या इंजिनियरला सगळ्यांच्या देखत म्हणाले की मशीन सुरू करू नका, ही रेघ माझी चूक आहे, मुद्दाम केलेली चूक आहे, मी तसं लिहून देतो, रस्ता सरळ न्यायचा. इंजिनियर गांगरला. पुढारी वाटेत होते. आणि तेव्हा माय खाली बसल्या जागेवरून बोलली, हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"न्हाई. त्या दिवशी जेवताना मी काय म्हणले? असतील कुणाची. बाकीच्यांच्या लेकरांवरून जाणार व्हता तवा मी भाकरी खाल्ली. आता माझं निघालं म्हून वळवायचा? जाऊ द्या."

अण्णांनी तिला उठवायचा प्रयत्न केला, समजावलं. ती उठली, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. आणि अण्णा, ज्यांनी आत्ता कुठं पाठ ताठ केली होती, ते तिच्यापुढं पुन्हा वाकले. मला मायचा तेव्हा राग आला आणि तो पुष्कळ वर्षं टिकला. स्वतःला शिक्षा करून घ्यायची तर घ्यावी, पण गंगूच्या जुळ्यांना त्यात का ओढलं? त्यांना वाचवता आलं असतं. गंगूला कुणी विचारलं नाही, अण्णांनीही नाही, मायनंही नाही. हे मी एकदा मायला बोलून दाखवलं, पुढं खूप वर्षांनी. ती म्हणाली, खरं हाय. एवढंच म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

रंभाजीबाबानं ज्या ज्या जागी फांदी ठेवली होती तिथली ओंजळ ओंजळ माती टोपल्यात घेतली आणि ओढ्याच्या पलीकडं नेली. बुलडोझर तेवढा वेळ थांबला. मग पुढारी आले, नारळ फुटला, साहेब लोक मामाकडं पुरणपोळी जेवले. पोळ्या मीच वाढल्या. अण्णा जेवले नाहीत, माय तर घरात आलीच नाही, एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली होती.

त्यानंतर मायनं त्या विहिरीचं पाणी तोंडाला लावलं नाही. माहेरी कुणाचं लग्न निघालं तर जायची, पण आपली पितळी कळशी भरून न्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. मोसंबीचं पोतं दर बहाराला येत राहिलं, ती ते न उघडता भंवरीकाकींच्या ओसरीवर ठेवायची. काकींनी कधी कारण विचारलं नाही. ती विहीरही फार टिकली नाही म्हणा. चहूकडं बोअर झाले, तिचं पाणी खाली गेलं, मोसंबी वाळली, आणि मामाच्या पोरांनी ती बुजवून वर दुमजली कॉम्प्लेक्स काढलं. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. अण्णांनी पुढं नोकरीभर नकाशे काढले, पण घरी कधी काम आणलं नाही आणि राजधानी हा शब्द उच्चारला नाही. फळा मायनं पापड वाळवायला घेतला.

आणि नशीब बघा, मला मास्तरकी लागली ती त्याच गावात. अण्णांनी आखलेल्या शाळेत, अण्णांनी आखलेल्या रस्त्यावरून जाऊन, मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. गाव म्हणाल तर चांगलं झालंय. रस्ते रुंद आहेत, पाणी तुंबत नाही, कडुलिंबांची सावली आहे. बाहेरचे लोक विचारतात, कुणी केलं इतकं व्यवस्थित? अण्णा गेल्यावर मी मायला माझ्याकडं आणलं. यायला तयार होईल असं वाटलं नव्हतं, पण आली, ट्रंक घेऊन. मोठ्या रस्त्यानं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, दवाखाना, बाजार सगळं त्याच रस्त्यावर. पहिल्यांदा रिक्षात बसून निघालो आणि कोर्ट जवळ आलं, तशी तिनं पुढच्या दांडीला धरलं आणि दोन्ही पाय रिक्षाच्या तळापासून उचलून घेतले. वळण संपेपर्यंत तसेच धरून ठेवले, मग खाली टेकवले. त्यानंतर नऊ वर्षं, गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या तरी, ती दर वेळी हेच करायची. कळ यायची, तोंडावर दिसायचं. रिक्षावाले आरशातून बघून हसायचे. पायी चालायची वेळ आली तर कोर्टाच्या मागून गल्लीबोळातून वळसा घालायची, पण तो डांबराचा तुकडा तिनं पायाखाली घेतला नाही.

ती गेली तेव्हा मी ट्रंकेतला खुळखुळा तिच्या उशाशी ठेवला. लाल रंग उडाला होता, हिरवा होता. मसणवटा अण्णांनी मोठ्या रस्त्याच्या टोकाला ठेवलाय, त्यामुळं तिला त्याच रस्त्यानं न्यावं लागलं. बायांनी कोपऱ्यापर्यंत जायचं आणि मागं फिरायचं असतं. मी फिरले नाही. कुणीतरी दंडाला धरलं, मी सोडवून घेतला आणि चालत राहिले. कोर्ट आलं, वळण आलं, खांदेकऱ्यांनी खांदा बदलला आणि ते तसेच पुढं गेले. मायचे पाय चौघांच्या खांद्यावर होते, रस्त्यापासून चांगले वर, आणि पहिल्यांदाच तिला ते उचलून धरायला लागले नव्हते. माझे मात्र खाली टेकलेले होते.